पिल्लांना काय खायला द्यावं, कसं द्यावं आणि चावरी सवय कशी टाळावी

"डॉक्टर, पिल्लूच आहे हो, जेमतेम दोन महिन्यांचं. त्याच्या दाताला कुठे विष असणार?"

दिवाळी झाली की पुढचे दोन-तीन महिने हे वाक्य मला दवाखान्यात हमखास ऐकू येतं. पावसाळा सरताना आणि थंडीच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या कुत्र्यांना पिल्लं होतात. कुठे जिन्याखाली, कुठे पार्किंगमध्ये, कुठे गोठ्याच्या कोपऱ्यात चार-पाच गोळे दिसायला लागतात. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिकडे पळतात.

मागच्या हिवाळ्यात एक सहा वर्षांचा मुलगा तापासाठी माझ्याकडे आला. ताप साधा होता, पण तपासताना त्याच्या बोटावर दाताची खूण आणि पोटरीवर ओरखडे दिसले. तीन दिवसांपूर्वी तो बिस्किटाचा पुडा घेऊन पिल्लांजवळ गेला होता आणि पाचही पिल्लं एकदम अंगावर आली होती. आजींनी हळद भरली, आईने दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. रेबीजची लस मात्र कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. ती त्याच दिवशी सुरू केली. मुलगा आज ठणठणीत आहे.

त्या पिल्लांचा यात काही दोष नव्हता. पाच भुकेली तोंडं, एक पुडा आणि एक छोटा हात, यातून दुसरं काय होणार? पिल्लांना आपण कसं भरवतो यावर त्यांचं पोट तर अवलंबून असतंच, पण आपल्या मुलांची बोटंही अवलंबून असतात. मी माणसांचा डॉक्टर आहे. पिल्लाच्या औषधांचे डोस पशुवैद्यांनाच विचारा. पण खाऊ घालण्याच्या चुका शेवटी माझ्या टेबलावर येतात, म्हणून हा लेख.

पहिले तीन आठवडे: पिल्लांना नाही, आईला खाऊ घाला

पिल्लाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तीन आठवड्यांपर्यंत त्याला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. या काळात तुम्हाला मदत करायचीच असेल तर ती पिल्लांच्या आईला करा. पाच-सहा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला तिच्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतं. भाताबरोबर उकडलेलं चिकन, अंडी, किंवा पिल्लांसाठी मिळणारं कोरडं खाद्य (ते पाजणाऱ्या आईलाही चालतं) आणि स्वच्छ पाण्याचं भांडं, एवढं पुरे.

तिचं ताट पिल्लांपासून थोडं लांब, पण तिला पिल्लं दिसतील अशा जागी ठेवा आणि मागे या. एरवी शेपटी हलवणारी कुत्री या दिवसांत चावू शकते. ओळखीची आहे, रोज आपल्याकडून पोळी खाते, हा भरवसा आता धरू नका. मुलांना पहिले तीन-चार आठवडे पिल्लं उचलू देऊ नका. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, ही समजूत बहुतेक वेळा खरी नसते. पण सारखी ये-जा असली की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत एखादं मागे राहतं.

सगळी पिल्लं नीट पीत आहेत का, हे वजनावरून कळतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा चालतो. वजन रोज थोडं थोडं वाढायला हवं आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला हवं. सतत कुंईकुंई करणारं, बाजूला पडलेलं, हाताला गार लागणारं पिल्लू उपाशी किंवा आजारी असतं.

आई नसेल तर

गाडीखाली आई गेली आणि पिल्लं उरली, असे फोन मलाही येतात. घरोघरी पहिला उपाय ठरलेला असतो, गाईचं दूध. चूक इथेच होते. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीच्या आसपास असतात आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी असते. गाईच्या दुधावर पिल्लाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण पोषण अपुरं पडतं आणि जुलाब लागतात. दोन दिवसांच्या जुलाबात एवढासा जीव कोरडा पडतो. पाणी घालून ते दूध पातळ केलं तर पोषण आणखी कमी होतं. शेळीच्या दुधातही लॅक्टोज जास्तच असतं. तान्ह्या बाळांची पावडरही यासाठी बनवलेली नसते. पिल्लांसाठी वेगळी दूध-पावडर पशुवैद्यांकडे किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळते, ती डब्यावरच्या प्रमाणात कालवा.

पाजताना दोन गोष्टी सांभाळायच्या. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये, कारण गार शरीरात ते पचत नाही. आधी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून त्याला ऊब द्या. दुसरं म्हणजे, बाळासारखं उताणं धरून पाजू नका. पिल्लू पालथंच हवं, पोट खाली आणि मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. उताणं पाजलेलं दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहण्याची आपली जुनी पद्धत इथेही चालते.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. आणि अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटून ती करवते. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती जागा हलकेच पुसावी लागते. हे सगळं जमणार नसेल तर पिल्लू घरी आणण्याआधी एखाद्या प्राणिमित्र संस्थेला विचारलेलं बरं.

चौथ्या आठवड्यापासून: पसरट ताटली आणि पातळ पेज

तीन ते चार आठवड्यांच्या सुमारास पिल्लांना सुईसारखे दात फुटतात. ते आईला टोचतात आणि ती उठून जायला लागते. ही वरचं अन्न सुरू करायची वेळ. पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं पातळ करा आणि पसरट ताटलीत द्या. पहिले दोन-तीन दिवस ती खातात कमी आणि त्यात लोळतात जास्त. हळूहळू पाणी कमी करत जा. सात-आठ आठवड्यांपर्यंत दूध सुटतं आणि पिल्लू पूर्ण वरच्या अन्नावर येतं.

घरचंच द्यायचं असेल तर मऊ भात, उकडून कुस्करलेलं चिकन, उकडलेलं अंडं, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, मीठ-मसाला काहीही न घालता. चमचाभर दही चालतं. पण रोज फक्त दूध-पोळी किंवा नुसता भात खाऊन पिल्लू नीट वाढत नाही. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काटकुळे, अशी पिल्लं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यामागे अर्धं कारण जंतांचं, अर्धं दूध-पोळीचं. नुसतं मांस दिलं तरी कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं वाकतात. उलट मनानेच कॅल्शियमचं टॉनिक सुरू करणंही धोक्याचं आहे. वाढत्या पिल्लाला, विशेषतः मोठ्या जातीच्या, जादा कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही आणि हाडं बिघडतात. घरचं अन्न महिनोन्‌महिने द्यायचं असेल तर एकदा पशुवैद्यांकडून प्रमाण ठरवून घ्या.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि नंतर दोन वेळा. वेळ ठरलेली असू द्या. पाणी कायम जवळ हवं.

देऊ नये अशा गोष्टींत कांदा-लसूण आधी सांगतो, कारण आपल्या उरलेल्या आमटी-भाजीत तो असतोच. कांद्याने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडावर आघात करतात. शिऱ्यातले बेदाणे कुणी मोजत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम ही विषंच. शिजवलेली हाडं तडकून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. चिकनच्या दुकानातले कच्चे तुकडे आणलेत तर उकडूनच द्या. कच्च्या कोंबडीतले जिवाणू पिल्लालाही त्रास देतात आणि ते भांडं हाताळणाऱ्या मुलांनाही.

पाच पिल्लं, एक ताटली

वाईट सवयी इथे सुरू होतात. एकाच ताटलीत पाच तोंडं घातली की दांडगं पिल्लू मधे उभं राहतं आणि किरकोळ पिल्लू कडेला ढकललं जातं. रोज हेच झालं की पिल्लं दोन गोष्टी शिकतात: न चावता गिळायचं आणि जवळ येणाऱ्यावर गुरगुरायचं. ही दुसरी सवय पुढे माणसांसाठी वापरली जाते.

पेज चाटण्याचे पहिले काही दिवस एक ताट ठीक आहे. पिल्लं नीट खायला लागली की प्रत्येकाला वेगळी वाटी द्या. वाट्या हातभर अंतरावर ठेवा, त्यातही किरकोळ पिल्लाची सगळ्यात लांब. घाईने गिळणाऱ्याला खोल वाटीऐवजी मोठ्या ताटात पातळ पसरून द्या. पंधरा-वीस मिनिटं जवळ थांबा, मग उरलेलं उचला. दिवसभर वाटी भरून ठेवली की कोण जेवलं आणि कोण नाही हे कळत नाही, शिवाय माश्या आणि उंदीर येतात. कोकणात आणि मुंबईच्या परिसरात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दरवर्षी दिसतात. उंदरांना रोजचं जेवण आपणच वाढू नये.

खाताना वाटी ओढून घेऊन "बघा, आमचं पिल्लू काही करत नाही" असं दाखवण्याची हौस अनेकांना असते. कृपा करून हे करू नका. वाटी चार वेळा ओढली की पाचव्या वेळी पिल्लू ती राखायला शिकतं. करायचं ते उलट आहे. पिल्लू खात असताना घरातल्या मोठ्या माणसाने जवळून जाताना चिकनचा किंवा अंड्याचा एक तुकडा वाटीत टाकायचा आणि पुढे निघून जायचं. दोन-तीन आठवड्यांत पिल्लाच्या मनात पक्कं बसतं की माणूस जवळ आला की वाढतं, कमी होत नाही. तोंडात चप्पल धरली असेल तर ओढाओढी करू नका, काहीतरी खायला देऊन अदलाबदल करा. आणि पिल्लू गुरगुरलं म्हणून फटका मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केलेली कुत्री पुढे सूचना न देताच चावतात.

बिस्किटांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ग्लुकोज बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, त्यात पिल्लाच्या कामाचं जवळजवळ काही नाही. चार बिस्किटं खाल्लेलं पिल्लू मग जेवत नाही आणि "हे फार नखरे करतं" म्हणून त्याला आणखी बिस्किटं मिळतात. त्याहून वाईट म्हणजे पुड्याचा कुरकुर आवाज आला की अंगावर उडी मारायची, हे ते शिकतं. पिल्लू तीन किलोचं असताना गंमत वाटते. वर्षभराने तेच कुत्रं पंधरा-वीस किलोचं असतं आणि समोर खाऊ घेऊन निघालेलं दुसरंच कुणाचं तरी मूल असतं.

मुलांना एवढंच शिकवा: बोटांत धरून भरवायचं नाही. वाटीत ठेवायचं, दोन पावलं मागे यायचं, लांबून बघायचं. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि आईजवळच्या पिल्लाला हात लावायचा नाही. बोट हलवून चावायला लावण्याचा खेळ तर अजिबात नको. खेळताना दात लागले की खेळ लगेच थांबवायचा. भावंडांत खेळताना पिल्लू नेमकं हेच शिकत असतं, किती जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ मोडतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. आपल्याकडच्या २०१७च्या नियमांनुसारही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही.

घरात आणलेल्या पिल्लाला आपल्या जेवणाआधी त्याच्या जागी जेवू घाला. आपल्या ताटातलं कुणीही द्यायचं नाही. हा नियम आमच्या घरी आठवडाभर टिकला. आठव्या दिवशी माझे वडील टेबलाखालून पोळीचा तुकडा देताना सापडले. त्यानंतर दोन महिने त्या पिल्लाने कुणालाही शांतपणे जेवू दिलं नाही.

पिल्लू खात नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला आणि पुढच्या वेळेलाच द्या, मध्ये दुसरं काही नको. पण तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू लागोपाठ दोन-तीन वेळचं जेवण टाळत असेल, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब होत असतील, तर ते नखरे नाहीत. पार्वो असू शकतो, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. काही पिल्लं स्वतःची विष्ठा खातात. ओरडण्यापेक्षा ती लगेच उचलून टाकणं हाच उपाय. मातीही बरीच खातात, तेव्हा जंतांचा विचार करा.

सोसायटीत खाऊ घालणाऱ्यांसाठी आणखी एक. जागा ठरलेली असावी आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या दारापासून लांब असावी. भटक्या प्राण्यांविषयीच्या २०२३च्या केंद्रीय नियमांतही हेच आहे. वेळसुद्धा मुलं आणि वयस्क माणसं कमी असतील अशी निवडा.

जंत: पिल्लांचे आणि आपले

पिल्लांमधला गोल जंत, टोक्सोकारा, आईच्या पोटात असतानाच आणि दुधातूनही पिल्लात येतो. त्यामुळे घरातलं, स्वच्छ दिसणारं पिल्लूही याला अपवाद नसतं. त्याची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि दोन-चार आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात. मातीत खेळून न धुतलेले हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली की त्यातल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात पोचतात. डोळ्यातल्या अळीने नजर जाऊ शकते. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायांतून शिरतात आणि त्वचेवर नागमोडी, खाजरी रेघ उमटते. लहान पिल्लांच्या विष्ठेतून मुलांना जुलाबाचे जंतूही लागतात.

पिल्लांना जंताचं औषध साधारण दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला देतात, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. आईलाही त्याच वेळी द्यावं लागतं. डोस वजनावर असतो, पशुवैद्य सांगतील. पार्वो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. आपल्यासाठी नियम एकच: पिल्लांना हात लावला की साबणाने हात, आणि पिल्लांच्या वाट्या घरच्या भांड्यांत धुवायच्या नाहीत.

दात लागलाच तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. पिल्लाच्या लाळेतही रेबीजचा विषाणू असू शकतो. रेबीज झालेल्या कुत्र्याने पिल्लाला चावलेलं आपल्याला कळतही नाही आणि तीन महिन्यांच्या आत त्याला स्वतःची लसही मिळालेली नसते. माणसाला रेबीजची लक्षणं दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका.

पिल्लाला नुसता हात लावला, खाऊ घातलं किंवा त्याने धड त्वचेवर चाटलं, तर लसीची गरज नाही. दात नुसते लागले किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर लस घ्यावी लागते. त्वचा फुटली, रक्त आलं, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात आणि पहिल्या लशीच्या दिवशीच घेतलेलं उत्तम, उशीर झाला तरी सात दिवसांच्या आत. स्टेरॉइड, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना साध्या ओरखड्यालाही ते द्यावं लागतं, म्हणून तुमची औषधं डॉक्टरांना सांगा. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांनाही लस देता येते, द्यावीच.

धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, रेबीजची लस वेगळी. आणि पोटातली ती चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. स्नायूतली असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी, त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर दोनच डोस लागतात, पण जुना कागद घेऊन या.

"दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवतो, मग बघू" हे नको. लस आजच सुरू करायची. लक्ष ठेवायचं ते पुढचे डोस थांबवता येतील का हे डॉक्टरांनी ठरवावं म्हणून. रस्त्यावरची पिल्लं पार्वोने, थंडीने, गाड्यांखाली सहज दगावतात किंवा दिसेनाशी होतात. तसं झालं तर कोर्स पूर्णच करावा लागतो.

मुलं चावल्याचं लपवतात. पिल्लांकडे जायचं नाही असं बजावलेलं असतं, म्हणून ओरडा बसेल या भीतीने. त्यामुळे घराजवळ पिल्लं असतील त्या दिवसांत आंघोळ घालताना हात-पाय एकदा नीट बघत जा, आणि काही सापडलं तर आधी नळाखाली न्या, रागावणं नंतर. लस सुरू झाली की सगळ्या तारखा त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाकून ठेवा. २८व्या दिवसापर्यंत जखम पार भरलेली असते आणि शेवटचा डोस बहुतेकांचा तिथेच राहतो.